घडी आणि शिवण

वीसपैकी नऊ. तांबड्या शाईतला तो आकडा जेवणाच्या टेबलावर पडला होता आणि त्याच्याभोवती घरातली तीन माणसे गप्प बसली होती. चौथ्या, म्हणजे आजी, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून गवार मोडत होत्या. नोएडातल्या नवव्या मजल्यावरच्या त्या घरात ऑगस्टमधल्या एका रविवारची संध्याकाळ अशी सुरू झाली.

पेपर फ्रेंचचा होता. नात आठवीत. दिल्ली आणि आसपासच्या खासगी शाळांतून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच, जर्मन, संस्कृत असे पर्याय ठेवलेले असतात. सहावीत नातीने मोठ्या हौसेने फ्रेंच घेतले होते. पहिले वर्ष रंग, फळे आणि नमस्कार-चमत्कारांत मजेत गेले. मग क्रियापदे आली आणि गाडी अडली.

"नववीत सरळ संस्कृत घे," वडिलांनी निकाल देऊन टाकला. "मार्क तरी मिळतात."

"नाहीतर ट्यूशन लावू या," आई म्हणाली. गुरुग्रामचे ऑफिस आणि जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास यांत तिला स्वतःला शिकवायला सवड नव्हती.

नातीचे डोळे भरून आले होते. "पण माझं चुकलं काय तेच मला कळत नाहीये. पिछली बार यही लिखा था तो राइट था!"

दाराशी बसलेल्या आजींचा हात थांबला. मार्कांविषयी त्यांना काही म्हणायचे नव्हते. पण 'चुकलं काय तेच कळत नाही' हे वाक्य त्यांच्या ओळखीचे होते. एकतीस वर्षे त्यांनी ते वर्गात ऐकले होते.

पाहुणी नव्हे, पण...

आजी पार्ल्याच्या. पार्ल्याच्या एका शाळेत त्या मराठी शिकवीत असत. यजमान गेल्यावर मुलगा त्यांना दिल्लीकडे घेऊन आला, त्याला दोन वर्षे झाली होती. मुलगा-सून प्रेमळ होती. घरात काही कमी नव्हते. पण बोलायला माणूस नव्हते. खालच्या भाजीवाल्याकडे मेथीची 'जुडी' मागितली तर तो हसे. इथे तिला गड्डी म्हणतात. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, तिथे चार माणसे आपल्या भाषेत बोलणारी भेटतात हे त्यांना माहीत होते. पण नोएडाहून पहाडगंजला रोज कोण जाणार?

नातीला मराठी कळत असे, पण उत्तर हिंदीतून येई. मराठी बोललीच तर "आजी, मी जेवण केली" अशी. आजी हळूच "केलं" म्हणत. ती "हां, वही" म्हणून निघून जाई. एकतीस वर्षांचे शिकवणे या घरात कुणाच्याही उपयोगाचे नव्हते, ही गोष्ट आजींनी स्वतःशी कबूल केली होती. दिवाळी झाली की पार्ल्याचे तिकीट काढून दे, असे त्यांनी मुलाला दोनदा सांगितले होते. तो "बघू" म्हणत असे.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर आजी नातीच्या खोलीत गेल्या.

"दाखव तो पेपर."

"आजी, तुला फ्रेंच कुठे येतं?"

"नाही येत. म्हणून तर तू मला सांगणार आहेस."

एका शब्दाचे दोन तुकडे

प्रश्न साधा होता. क्रियापदाची रूपे दिली होती आणि प्रत्येकाचा मूळ भाग व प्रत्यय वेगळा करून दाखवायचा होता. नातीने सगळ्या रूपांचे तुकडे पाडले होते आणि जवळजवळ सगळ्यांवर फुली होती.

"आम्ही बोलतो याला काय म्हणतात?"

"नू पार्लों."

"तू तो कसा तोडलास?"

"पार आणि लों. मागच्या महिन्यात मॅमनी हेच शिकवलं होतं. ओळ संपली आणि शब्द मावला नाही तर कुठे तोडायचा, ते. तेव्हा पार-लों राइट होतं. आज राँग आहे!"

आजींना हसू आले. "बरं, आता सगळी रूपं म्हण. मी बोलते, तू बोलतोस, सगळी."

नातीने पाठ म्हटल्यासारखे म्हटले, "झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, व्हू पार्ले, इल पार्ल."

"पार्ले! अगं, हे तर आमचं गाव झालं."

नात खळखळून हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. 'तुम्ही बोलता' मधले पार्ले, 'बोलणे' हे मूळ क्रियापद तेही पार्ले, आणि 'बोललेले' तेही पार्लेच. लिहिताना तिन्ही शब्दांचे शेपूट वेगळे, कानाला मात्र एकच पार्ले स्टेशन.

"आता सांग, सगळ्या रूपांत न बदलता राहतं ते काय?"

"पार्ल."

"मग 'लों' मधला ल कुणाचा?"

नात थबकली. ल तर मूळ शब्दाचा. म्हणजे प्रत्यय नुसता 'ओं'. पार्ल् आणि ओं.

"आता आपलं बघ," आजी म्हणाल्या. "आपण बसू. हा शब्द सावकाश म्हण."

"ब... सू."

"कानाला ब आणि सू. पण धातू काय? बस्. प्रत्यय ऊ. म्हणजे स् धातूचा, पण बोलताना तो जाऊन बसला ऊच्या मांडीवर. अगदी तुझ्या ल सारखा."

त्या उठल्या आणि कपाटातून आपला एक इस्त्रीचा ब्लाउज घेऊन आल्या. पलंगावर तो पसरून म्हणाल्या, "याची घडी कुठे आहे?"

नातीने बोट ठेवले.

"आणि शिवण?"

तिने दुसरीकडे बोट ठेवले.

"घडी ठेवणाऱ्याच्या सोयीची असते. शिवण कापड जोडणाऱ्याने घातलेली असते. शब्दाचंही तसंच. तोंडाला बोलायला सोपं जावं म्हणून शब्दाची घडी पडते, तिथे पार-लों. पण तो कशाकशापासून शिवला हे पाहायचं असेल तर शिवण शोधायची, तिथे पार्ल-ओं. मागच्या महिन्यात तुला घडी विचारली होती. या वेळी शिवण विचारली. तू दोन्हीकडे घडीच दाखवलीस."

"आणि दोन्ही एकाच जागी आली तर?"

"येतात की. बसतो. बस् आणि तो. घडी आणि शिवण एकाच जागी. त्यामुळेच तर फसायला होतं."

चूक कुठून आली

नातीच्या पुस्तकाची पाने चाळताना आजींच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक फ्रेंच शब्दाच्या डोक्यावर तिने पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवले होते. आपली बहुतेक मुले असेच करतात आणि त्यात वाईटही काही नाही. पण चुकीचे मूळ तिथेच होते.

आपली लिपी अक्षरांची आहे. व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होते. ल् ला ओ भेटला की 'लो' तयार आणि तो सांधा डोळ्यांना दिसतच नाही. शब्दाची घडी देवनागरी आपोआप दाखवते, पण शिवण मात्रेखाली झाकून टाकते. रोमन लिपीत नेमके उलटे. तिथे प्रत्येक स्वर-व्यंजन सुटे उभे असते, त्यामुळे एलच्या पुढे रेघ मारून प्रत्यय वेगळा काढता येतो. पण उच्चाराचा तुकडा कुठे पडतो ते नुसते पाहून समजत नाही. नात फ्रेंच शब्द देवनागरीतून पाहत होती, म्हणून तिला घडीच दिसत होती.

असे असूनही, ज्यांनी शिवण शोधण्याचे शास्त्र रचले ते आपलेच पूर्वज. धातू आणि प्रत्यय अशी शब्दाची फोड पाणिनीने अडीच हजार वर्षांच्या आसपास आधी इतकी बारकाईने केली की युरोपातल्या पंडितांना संस्कृत व्याकरण भेटले तेव्हा त्यांच्या अभ्यासाची दिशाच बदलली. फ्रान्झ बॉप हा जर्मन विद्वान पॅरिसला जाऊन संस्कृत शिकला. १८१६ साली त्याने संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मॅनिक या भाषांच्या क्रियापदांच्या रूपांची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तुलनात्मक भाषाशास्त्राचा पाया घातला. मराठीतही १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे व्याकरण आले. ताख्यात, लाख्यात, वाख्यात ही नावे ज्यांनी शाळेत पाठ केली असतील त्यांना आठवेल, की ही नावे प्रत्ययांवरूनच पडली आहेत. करतो मधला त, केला मधला ल, करावा मधला व. म्हणजे शिवण कोणत्या धाग्याची, त्यावरून कपड्याचे नाव.

हे सगळे त्या रात्री आजींनी सांगितले नाही. त्यांनी नातीला एवढेच सांगितले, "उद्यापासून पेन्सिलीने दोन खुणा कर. घडीला टिंब, शिवणीला रेघ."

मुका प्रत्यय

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर दप्तर टाकून नात आजींकडे आली. हे पूर्वी कधी घडले नव्हते.

"आजी, इल पार्ल दोनदा येतं ना? एक म्हणजे तो बोलतो, दुसरं म्हणजे ते बोलतात. ते बोलतात याच्या शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लिहायची, पण बोलायची नाहीत. एकही नाही!"

"ई.एन.टी.? म्हणजे कान, नाक, घसा?"

"हो! आणि घसा बोलत नाही, कानाला ऐकू येत नाही!"

यावर दोघी इतक्या हसल्या की कामवाली बाई डोकावून गेली.

पण आजींनी विचार सोडला नाही. सहा रूपांपैकी चार कानाला अगदी सारखी. मग ऐकणाऱ्याला कळते कसे, कोण बोलतो आहे ते? नातीने सांगितले, की फ्रेंचमध्ये झ, त्यू, इल ही सर्वनामे गाळताच येत नाहीत. आजींना उलगडा झाला. मराठीत "येते हं" एवढे म्हटले की कळते, की बोलणारी बाई आहे आणि एकटीच येणार आहे. "मी" म्हणायची गरज नसते, कारण प्रत्ययच सगळे सांगतो. फ्रेंचमध्ये बहुतेक प्रत्यय मुके झाले, म्हणून सर्वनामाला प्रत्येक वेळी पुढे उभे राहावे लागते. एकाची वाचा गेली की दुसऱ्याला त्याच्या वतीने बोलावे लागते.

"पण बोलायचंच नाही, तर लिहायचं कशाला?" नातीने विचारले.

"कारण एके काळी ते बोलत होते. संस्कृतात ते असतात याला काय म्हणतात, माहीत आहे? सन्ति. फ्रेंचमध्ये?"

"सों," नात म्हणाली आणि वहीत लिहून पाहू लागली. शेवटी एन आणि टी होते. "आजी! सन्ति मधले न आणि त!"

"तेच ते. वदन्ति, गच्छन्ति, भवन्ति. लॅटिनमध्येही ते होते. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आले. आपल्याकडे जुन्या कवितेत येती, जाती, करिती अशी रूपं असतात, तीही त्याच घराण्यातली. फ्रेंचमध्ये आवाज गेला, पण कागदावरची जागा कुणी काढून घेतली नाही."

नात थोडा वेळ वही पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "नाही आजी, आवाज पूर्ण नाही गेला. प्रश्न विचारताना ते उलटं करतात. ते बोलतात का, तर पार्लतिल? तिथे टी ऐकू येतो. पुढे स्वर आला ना, म्हणून."

"पार्लतील," आजींनी म्हणून पाहिले. मराठीतल्या 'बोलतील' शी ते इतके जुळले की दोघींना गंमत वाटली. अख्खे रूप असे जुळणे हा योगायोग होता, हे आजींनी बजावले. मराठीतल्या 'तील' मधला ल वेगळ्या वाटेने आला आहे.

"म्हणजे," नात म्हणाली, "प्रश्न विचारला की मुका टी बोलतो."

आजी काही बोलल्या नाहीत. चहाला आधण ठेवायला उठल्या.

ऊठ आणि उठते

सर्वांत मोठी अडचण ज्या क्रियापदात होती ते फ्रेंच शिकणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी शिकतो. माझे नाव अमुक, हे सांगताना "झ मापेल" म्हणतात. नाव घेऊन हाक मारणे, असे ते क्रियापद. त्यात 'मी' च्या रूपात एल हे अक्षर दोनदा आणि 'आम्ही' च्या रूपात एकदाच. नातीने चारदा चार प्रकारे लिहिले होते.

"मॅम म्हणतात, पाठ कर. कारण विचारायचं नाही."

आजींनी दोन्ही रूपे म्हणून घेतली. आपेल. आपलों.

"आपलों! अगदी आपलंच वाटतं गं." मग त्या गंभीर झाल्या. "पहिल्यात प्रत्यय मुका आहे. म्हणजे सगळा भार आला धातूवर, आणि त्यातला ए ठणठणीत झाला. दुसऱ्यात प्रत्यय बोलतो, ओं. भार पुढे गेला, धातूतला ए अगदीच मिटला. जिथे ए ठणठणीत, तिथे दोन एल लिहून त्याला टेकू दिला आहे."

नातीने पुस्तक काढून इतर रूपे तपासली. तू, तो, ते, जिथे प्रत्यय मुका तिथे एल दोनदा. आम्ही, तुम्ही, जिथे प्रत्यय बोलका तिथे एकदा. विकत घेणे या क्रियापदात अक्षर दुहेरी होत नव्हते, पण नेमक्या त्याच चार जागी ई वर एक तिरपी रेघ येत होती. टेकू वेगळा, जागा तीच.

"तुला कसं कळलं?"

"एकतीस वर्षं हेच शिकवलं बाळ. ऱ्हस्व-दीर्घ." आजींनी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले: ऊठ, उठते. शीक, शिकते. फूल, फुलाला. बहीण, बहिणीला. "पुढे काही नसलं की दीर्घ. पुढे प्रत्यय आला की भार पुढे सरकतो आणि मागचा स्वर ऱ्हस्व होतो. नियमाचा तपशील वेगळा, पण दोन्हींचं दुखणं एकाच जातीचं."

नातीने ते शब्द दोनदा मोठ्याने वाचले. ऊठ, उठते. आपेल, आपलों. मराठीचे शुद्धलेखन ही तिच्या आयुष्यात आजवर न आलेली गोष्ट अशी फ्रेंचच्या मागच्या दाराने घरात आली.

दरवाजे खुलेंगे

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी दोघी मेट्रोने निघाल्या. मंडी हाऊसला गाडी बदलून दिल्ली गेटला उतरायचे होते. दर्यागंजच्या पदपथांवर भरणारा रविवारचा जुना पुस्तक बाजार २०१९ पासून आसफ अली मार्गावरच्या महिला हाटमध्ये भरतो. नातीला फ्रेंच क्रियापदांचे पुस्तक हवे होते.

गाडीत घोषणा झाली, दरवाजे बाईं ओर खुलेंगे. दोन वर्षे आजी ती ऐकत होत्या, पण त्या दिवशी त्यांनी नातीला कोपराने ढोसले. "खुलेंगे. घडी?"

"खु-लें-गे."

"शिवण?"

"खुल... एं... गे?"

"शाब्बास. हा 'गे' कुठला, सांगू? हिंदीतला गा-गे-गी संस्कृत 'गत' पासून, म्हणजे 'गेलेला' पासून आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणून तर बघ, तो लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. दरवाजा खुलेगा, खिडकी खुलेगी. एके काळचा आख्खा शब्द, झिजून प्रत्यय झाला."

नातीने फ्रेंचचा भविष्यकाळ आठवून पाहिला. मी बोलेन, झ पार्लरे. मूळ क्रियापद पार्ले पूर्ण लिहायचे आणि त्याला शेवटी ए-आय जोडायचे. हा ए-आय म्हणजे 'माझ्याजवळ आहे' हेच फ्रेंच क्रियापद! बोलणे माझ्याजवळ आहे, म्हणजे मी बोलणार आहे. लॅटिन बोलणाऱ्या माणसांनी दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले, ते चिकटले आणि फ्रेंचमध्ये एकच शब्द झाला.

"आपण तर हे आजही करतो," आजी म्हणाल्या. "करतो आहे म्हणायचं, पण म्हणतो करतोय. आला आहे, म्हणतो आलाय. शिवण अजून ओली आहे, म्हणून दिसते. शंभर-दोनशे वर्षांनी दिसणार नाही."

समोरच्या बाकावरच्या दोन मुली कान देऊन ऐकत होत्या. मराठी त्यांना कळत नसणार, पण आजी-नातीचे काहीतरी छान चालले आहे, एवढे कळत असावे.

बाजारात तासभर हिंडल्यावर त्यांना 'बेशरेल' मिळाले. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी असणारे, क्रियापदांच्या रूपांच्या कोष्टकांचे पुस्तक. कव्हर फाटलेले, आत कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा. आजींनी घासाघीस मराठी-हिंदीत केली आणि दुकानदाराला ती बरोबर कळली.

परतताना त्यांनी नातीला एक गोष्ट सांगितली. मराठी भाषा कशी घडली, यावर आधुनिक भाषाशास्त्राच्या पद्धतीने मोठा ग्रंथ लिहिला तो एका फ्रेंच माणसाने. झ्यूल ब्लॉक हे त्यांचे नाव. त्यांचा ग्रंथ १९२० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. आजींनी एम.ए.ला तो वाचला होता आणि त्यांची प्रत पार्ल्याच्या बंद घरात कपाटात होती. १९७० मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले ते दिल्लीच्याच मोतीलाल बनारसीदास यांच्याकडून.

"म्हणजे एका फ्रेंच माणसाने मराठीची शिवण शोधली?" नातीने विचारले.

"हो. धातू-प्रत्ययांसकट."

"मग मी फ्रेंच सोडणार नाही," नात म्हणाली. मग थोड्या वेळाने, मराठीत, सावकाश, शब्द जुळवत, "आणि ते पुस्तक मला वाचायचं आहे. मराठीतलं."

फ्रीजवरची चिठ्ठी

घरात लहानसहान गोष्टी बदलल्या. संध्याकाळी टेबलावर आजी-नातीच्या वह्या पसरू लागल्या. सून ऑफिसातून आली की पाच मिनिटे तिथे टेकू लागली. एकदा तिने विचारले, "आई, आमच्या ऑफिसच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी लिहिलंय, जरा बघता का?" लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि सुनेने त्यांना आपल्या कामातले काही पहिल्यांदाच विचारले होते. आजींनी चश्मा पुसून ते दोन पानांचे लिखाण रात्री अकरापर्यंत पाहिले.

मुलाने तिकिटाचा विषय काढला नाही. आजींनी एकदा काढला. तेव्हा नातच म्हणाली, "नववीत मी फ्रेंच घेतलं तर तू लागशील. आणि दिवाळीत आपण दोघी पार्ल्याला जाऊ. ते पुस्तक आणायला. मग परत येऊ."

'परत येऊ' मधला 'ऊ' कुणाकुणाचा, हे आजींना व्याकरणाने ठाऊक होते. दोघींचा.

सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री आजी लवकर झोपल्या. मध्यरात्री पाणी प्यायला उठल्या, तेव्हा फ्रीजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी लावलेली दिसली. अक्षर नातीचे. मराठीतली तिची ही पहिलीच चिठ्ठी.

"आजी, उद्या फ्रेंचचा पेपर. पाचला हाक मार. नुसतं ऊठ म्हणून जाऊ नकोस. मी उठले का ते बघ."

आजींनी सवयीने ओट्यावरच्या डब्यातली तांबडी पेन्सिल उचलली आणि दिव्याखाली चिठ्ठी पुन्हा वाचली. ऊठ दीर्घ. उठले ऱ्हस्व. पेन्सिल तशीच हातात राहिली. खुणा करायला जागा नव्हती.

त्यांनी चिठ्ठी घडीवर घडी घालून बटव्यात ठेवली, घड्याळाचा गजर पावणेपाचचा लावला आणि दिवा मालवला.